टोक मोडलेलं नख

"अहो, चाटताय काय ते? कुत्र्यानं उकरलेलं हाड असायचं एखादं, आणि तुम्ही आपले बर्फाची कांडी चोखल्यासारखे!"

"हाड नाही. नख आहे."

"कुणाचं?"

"म्हातारीचं."

"कुठल्या म्हातारीचं? माझं म्हणत असाल तर माझी वीसच्या वीस जागेवर आहेत."

एरवी असल्या बोलण्यावर तात्यानं दोन वाक्यं जास्तीची टाकली असती. आज तो हसलासुद्धा नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून त्यानं ती वस्तू उजेडात धरली, पालथी केली, अंगठ्यानं पाठ चोळली आणि पुन्हा जिभेला लावली. चष्मा कपाळावर होता आणि तो कपाळावर आहे हे तो विसरला होता.

बायकोनं हातातलं भांडं खाली ठेवलं. चाळीस वर्षं एका छपराखाली काढल्यावर माणसाच्या गप्प बसण्याचे प्रकार कळतात. हे गप्प बसणं गुडघेदुखीचं नव्हतं.

"काय झालंय?"

"काय व्हायचंय? ओढ्यात सापडलं. बघतोय आपला."

ओढ्यातून चालायचं त्याला डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं होतं. गुडघ्याला गार पाणी बरं, मऊ वाळू बरी. तेव्हापासून रोज सकाळी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन तो पुलापासून वाकणापर्यंत जायचा आणि परत यायचा. आज परतताना पायाला काहीतरी टोचलं म्हणून वाकला, तर हे हाती आलं.

दगडात काम करणाऱ्यांना ही नखं नवी नाहीत. कधीकाळी, माणूस नावाचा प्राणी जन्मायच्या कितीतरी आधी, इथं समुद्र होता. त्यातले शिंपले चिखलात गाडले गेले आणि त्यांचा दगड झाला. एक जात अशी, की तिचा शिंपला जाड, खवल्याखवल्यांचा आणि न कापलेल्या नखासारखा वाकलेला. म्हणून खाणीवरच्यांनी नाव ठेवलं, म्हातारीचं नख. त्यातही दोन प्रकार. सरळ नखाचं टोक पोपटाच्या चोचीसारखं नीट आत वळलेलं असतं. वाकड्या नखाचं टोक एका बाजूला मुरडलेलं, रुसलेल्या पाहुण्यानं मान फिरवावी तसं.

सरळ नख वरच्या दगडखाणीत सापडतं. ओढा त्या खाणीच्या पायथ्यावरूनच येतो, त्यामुळं सरळ नखं ओढ्यात पोत्यानं मिळतील. वाकडं नख मात्र फक्त डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, विटांच्या भट्टीच्या राखाडी चिकणमातीत. तिकडचं पाणी तिकडंच उतरतं, या ओढ्याला त्याचा थेंब मिळत नाही. म्हणजे वाकडं नख ओढ्यात यायला वाटच नाही.

एक वाट होती. ती फक्त तात्याला ठाऊक होती.

आणि हातातल्या नखाचं नेमकं टोकच मोडलेलं होतं.

तात्या दगडी बांधकाम करणारा गवंडी. मागं सगळे त्याला ओळंबा म्हणत. ओळंबा म्हणजे सुतळीला टांगलेलं ते लोखंडी वजन, भिंत उभी सरळ आहे का ते दाखवणारं. तात्याच्या खिशात तो बारा महिने असायचा. लग्नाला गेला तरी मांडवाचा खांब बघून यायचा. दुसऱ्या गवंड्याची भिंत दोन सूत, म्हणजे जेमतेम पाव इंच, जरी कलली असली तरी चारचौघांत म्हणायचा, "हिला लवकर नवरा बघा, आत्ताच कुणाच्यातरी खांद्यावर डोकं टेकायला लागलीय." लोक हसायचे, तो गवंडी खाली मान घालायचा. असली माणसं गावाला आवडतात आणि नकोशीही असतात.

बावीस वर्षांपूर्वी ओढ्याच्या काठाला आधाराची भिंत त्यानंच बांधली होती. पन्नास हात लांब, दोन पुरुष उंच. असल्या भिंतीमागं भर घालायची ती दगडगोट्यांची आणि खडीची, म्हणजे काठात मुरलेलं पाणी खाली उतरतं आणि भिंतीत ठेवलेल्या भोकांतून बाहेर पडतं. पाण्याला वाट दिली की ते गरीब. अडवलं की ते भिंत ढकलतं. हे तो शिकाऊ पोरांना सांगायचा, आणि चाळीस हात त्यानं तसंच केलंही होतं.

शेवटचे दहा हात राहिले आणि खाणीचा रस्ता खचला. खडी यायची बंद झाली. आभाळ भरून आलेलं, भिंतीमागचा चर उघडा. पाऊस त्यात साचला असता तर केलेली भिंतही आडवी झाली असती. पलीकडं भट्टीवर टाकाऊ मातीचा ढीग होता, फुकट. दोन दिवसांत त्यानं तो ढीग आणून चरात ओतला, वर वीतभर खडी पसरली आणि चिरे बसवले. पुढच्या साली उघडून नीट करू, असं मनाशी म्हणाला. पुढच्या साली दुसरं काम निघालं. त्याच्या पुढच्या साली तिसरं. मग ती गोष्ट आठवायची तेव्हा तो मुद्दाम दुसरं काहीतरी आठवायचा.

इथवरही ठीक होतं. पण नऊ वर्षांपूर्वी त्या भिंतीवरचं घर विकायला निघालं आणि त्याच्याच लेकीनं ते बघितलं. "बाबा, भिंत तुमचीच ना?" तिनं विचारलं होतं. तोंड उघडायची तीच वेळ होती. सोबत घर दाखवणारा होता, जावई होता, व्याही होते. तात्या छाती काढून म्हणाला, "माझीच. बिनघोर घ्या."

त्या घराच्या मागच्या खोलीत, त्या शेवटच्या दहा हातांच्या बरोबर वर, लेकीचा शिवणाचा कारखाना होता. सहा मशिनं. सकाळी नऊपासून सहापर्यंत लेक आणि तिच्या पाच बाया तिथं बसायच्या.

म्हणून तात्या सकाळपासून तो दगड चाटत होता.

नखाच्या पोकळीत थोडी माती अडकली होती. ती त्यानं काडीनं काढली आणि पुढच्या दातांत धरली. दगडखाणीची असती तर कचकच लागली असती. ही लोण्यासारखी गेली. पण ओढ्याचा गाळही लोण्यासारखाच असतो. लिंबू पिळून बघितलं, फेस आला. मग त्याच्याच लक्षात आलं, शिंपला म्हणजे सगळा चुनाच, दोन्ही जातींना फेस येणार. लिंबू वाया गेलं.

"आता त्याचं लोणचं घालताय का?" बायको म्हणाली.

एवढ्यात जावई आला. रोज दुकानावर जाताना सासऱ्याच्या ओट्यावर दोन मिनिटं टेकायची त्याची सवय. स्वभावानं भला, पण हातात फोन असला की जगात न कळण्यासारखं काही उरत नाही अशी त्याची समजूत. त्यानं नखाचे चार बाजूंनी फोटो काढले.

"थांबा बाबा, आत्ता सांगतो. हं. गोगलगाय म्हणतोय."

"मेलेली?"

"तसं नाही सांगत तो. थांबा, दुसऱ्या बाजूनं बघू. आता म्हणतोय, आलं."

"काय आलं?"

"आलं हो. चहात घालतो ते. पंचाहत्तर टक्के आलं."

"उरलेलं पंचवीस टक्के साखर असेल," आतून सासूबाई म्हणाल्या.

जावई हसला. फोन खिशात टाकत म्हणाला, "कुठं सापडलं? आमच्या भिंतीखाली?"

"नाही!" तात्या इतक्या जोरात म्हणाला की ओट्यावरची चिमणी उडाली. "वर. पुलाच्या वर."

बायको दारात येऊन उभी राहिली. पुलाच्या वर तो कधी जात नाही, तिथं शेवाळ आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण जावयासमोर नवऱ्याला खोटं पाडणारी ती नव्हती. ते ती नंतर करायची.

"बरं, आठवलं," जावई पायरी उतरता उतरता म्हणाला. "मागच्या खोलीचं दार घासायला लागलंय खाली. महिनाभर झाला. लाकूड फुगलं असेल. सवड झाली की कुणाला तरी रंधा मारायला पाठवा."

दार आपोआप घासायला लागत नाही. लाकूड फुगतं ते ओल्या दिवसांत, आणि गेला महिना कोरडा गेला होता. दार घासतं तेव्हा चौकट हलली असते. चौकट हलते तेव्हा जमीन हलली असते.

"पाठवतो," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

डॉक्टरीणबाईंच्या दारची पायरी त्यानं बांधायला घेतली होती, ती अर्धी राहिली होती. तो तिथं गेला, चिरा उचलला, ठेवला, ओळंबा सोडला. वजन सुतळीला लोंबकळत राहिलं आणि त्याला ते बघवेना. टोक मोडलंय ते ओढ्यात गडगडत आल्यानं मोडलं असेल, त्यानं स्वतःला सांगितलं. सरळच नख असेल. दार लाकडानंच घासत असेल. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं झालंय आपलं, दुसरं काही नाही. पण घशातली खवखव काही जाईना. दुपार व्हायच्या आत त्यानं थापी धुतली, "तासाभरात येतो" म्हणाला आणि डोंगराचा खांदा ओलांडून पलीकडच्या उतारावर गेला.

भट्टी बंद होऊन बारा वर्षं झाली होती. धुराडं उभं होतं, त्याच्यावर झुडूप उगवलं होतं. कडेच्या खोलीत चिमटामावशी राहायची. ऐंशीच्या घरातली, हाडं आणि कातडं, पण जीभ अजून नवी. तिनं पंचवीस वर्षं त्या भट्टीवर एकच काम केलं होतं, मातीतून नखं वेचायचं. विटेच्या मातीत नख राहिलं की भट्टीत त्याचा चुना होतो, मग तो पाणी पिऊन फुगतो आणि वीट तडकते. म्हणून माती मळायच्या आधी बाया ओळीनं बसून बोटांनी चाचपत नखं काढायच्या. डोळ्यांचं त्यात काम नव्हतं, बोटांचं होतं. आता तिला नीट दिसत नव्हतं, पण त्यानं तिचं काही अडत नव्हतं.

"कोण?"

"मी, मावशी. गवंडी."

"ओळंबा? ये. माझी भिंत बघू नकोस, आधीच सांगते. ती वाकडी आहे आणि मला आवडते."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. नख तिच्या तळहातावर ठेवलं. पुढं काय विचारायचं ते वाटेत दहा वेळा घोकलं होतं, ते सगळं विसरला. नुसतं म्हणाला, "हे कुठलं, सांगशील?"

तिनं मूठ मिटली. अंगठा एकदाच पाठीवरून फिरवला. तात्याला वाटलं ती वेळ घेईल, निदान श्वास घ्यायला तेवढा वेळ मिळेल. तिनं तेवढाही घेतला नाही.

"वाकडं."

"टोक तर नाही त्याला. टोकाशिवाय कसं सांगतेस?"

"नवऱ्याला ओळखायला मला त्याची टोपी लागायची नाही. पाठीवर कणा आहे बघ, बोट फिरव. सरळ्याची पाठ गोल असते, म्हशीसारखी. हे आमच्या मातीतलं." ती थांबली. अंगठा मोडलेल्या जागेवर आला आणि तिथंच राहिला. "आणि टोक मोडलेलं नाहीये. तोडलेलं आहे."

"म्हणजे?"

"काही जणी आळशी होत्या. कालची नखं ढिगातून उचलून आज पुन्हा टोपलीत घालायच्या आणि मुकादमाला दाखवायच्या, बघा कित्ती वेचली. त्याच्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली, एवढा हुशार. मग त्यानं नियम केला. वेचलेल्या नखाचं टोक त्याच्यासमोर पकडीनं तोडायचं आणि मग ढिगावर टाकायचं. म्हणजे तेच पुन्हा येणार नाही. मी तर अशी तोडायचे की एका दाबात." तिनं नख त्याच्या बोटाखाली धरलं. "बघ, इथं दोन खळगे. पकडीच्या दातांचे. पाण्यानं मोडलेलं असं सपाट मोडत नाही रे."

तात्याच्या बोटाला ते दोन खळगे लागले. सकाळपासून त्यानं ती जागा पन्नास वेळा बघितली होती. जे हरवलंय म्हणून तो रडत होता, तीच खूण होती.

"हे मातीतनं नाही आलं," मावशी सावकाश म्हणाली. "हे ढिगातनं आलं. आणि माझा ढीग बावीस वर्षांपूर्वी दोन दिवसांत उचलला गेला. कुणी नेला ते मला ठाऊक होतं. मुकादमानं विचारलं तेव्हा म्हटलं, मला काय माहीत, पाय फुटले असतील. मला वाटलं, तू तुझ्या परड्यात झाडांना टाकायला नेलास."

तात्या धुराड्याकडं बघायला लागला.

"झाडांना नाही टाकलास?"

"नाही."

"हे सापडलं कुठं?"

"ओढ्यात. भिंतीखाली."

म्हातारीनं डोकं हलवलं. नख त्याच्या हातात परत दिलं, मूठ मिटवून दिली. "चिकणमाती? भिंतीमागं? मी नखं वेचणारी बाई, मलाही कळतं रे."

"मलाही कळत होतं."

"मग माझ्यापाशी काय बसलायस? मी काय तिथं राहते?"

परत येताना तो डॉक्टरीणबाईंच्या दारावरून आला. तिथून त्यानं घमेलं घेतलं, थापी घेतली. घमेल्यात सिमेंटचा गारा कालवला, घट्ट. का कालवतोय ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. हात आपले चालले होते. ओढ्यात उतरला आणि भिंतीच्या शेवटच्या दहा हातांपाशी जाऊन उभा राहिला.

इथं तीन भोकं होती. पहिल्या दोन भोकांखाली हिरवं शेवाळ, जसं असायला हवं तसं. तिसऱ्याखाली शेवाळ नव्हतं. तिथं राखाडी ओघळ होता, दोन बोटं रुंद, दुधाच्या भांड्याला बाहेरून आलेल्या साईसारखा. महिनाभर तो रोज सकाळी समोरून गेला होता आणि त्याला दिसला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात. इथं दिवाच डोळे मिटून चालत होता.

त्यानं ओळंबा काढला, वरच्या चिऱ्याला सुतळी धरली, वजन सोडलं. मध्यावर सुतळी भिंतीला चिकटली. भिंतीनं पोट काढलं होतं, चांगलं दोन बोटं.

वर मशिनं चालू होती. त्यानं तळहात चिऱ्यावर टेकला. दगडातून ती घरघर हातात येत होती, बारीक, मुंग्या आल्यासारखी. मधेच एखादं मशीन थांबायचं, कुणीतरी काहीतरी बोलायचं, सगळ्या हसायच्या, आणि घरघर पुन्हा सुरू व्हायची. लेकीचा आवाज त्यातून वेगळा कळत होता.

भोक बुजवलं तर? मनात आलं ते एवढंच. एक थापी गारा. ओघळ दिसणार नाही, नख बाहेर येणार नाही, कुणी विचारणार नाही. शाळेच्या गणवेशांचं काम चार दिवसांत द्यायचंय लेकीला. ते तरी होऊ दे. मग सवडीनं बघू. पुढच्या महिन्यात. अगदी हेच शब्द त्यानं बावीस वर्षांपूर्वी वापरले होते. फरक एवढाच, तेव्हा वर कुणी नव्हतं.

थापीवर गारा घेतला. हात भोकापर्यंत गेला. आणि हे भोक बुजवलं तर काय होतं ते त्याच्या हाताला त्याच्याआधी कळलं. पाणी अडतं. माती फुगते. दोन बोटांचं पोट चार बोटं होतं, आणि मग एके दिवशी सकाळी नऊ ते सहाच्या मधे कधीतरी ते फुटतं. नुसती भिंत मोडायची तर बावीस वर्षं पुरली नव्हती. ह्या एका थापीनं ती महिन्यात मोडली असती, वरच्या सहा जणींसकट.

भोकाच्या आत, उजेड पोचतो तिथवर, दुसऱ्या नखाची कड दिसत होती. बाहेर यायला बसलेली.

तात्यानं थापी झटकली. गारा ओढ्यात पडला, घमेलंही उपडं झालं. मग तो पायऱ्या चढून वर गेला, गुडघे कुरकुरत होते तरी न थांबता.

मागच्या खोलीचं दार खरंच घासलं. जमिनीवर त्याची अर्धगोल रेघ उमटली होती.

"बाबा? पाय बघा तुमचे, चिखलाचे. कापडावर येऊ नका हं."

"मशिनं थांबव."

"आज नाही. गणवेशाच्या बाह्या चालल्यात, दीडशे..."

"थांबव. सगळ्यांना पुढच्या खोलीत ने. आत्ता. हसत हसत ने, पण आत्ता."

लेकीनं त्याच्याकडं बघितलं. पाचही बाया त्याच्याकडं बघत होत्या. तिनं एकेकीला नुसती मानेनं खूण केली. बाया उठल्या, दोघींनी आपल्या हातातलं कापड सोबत नेलं. खोलीत सहा मशिनं, गणवेशांचा ढीग आणि ते दोघं उरले.

"काय झालं? आईला काही...?"

"आईला काही नाही. भिंत." तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत पाऊल टाकायचं वजनही त्याला नको वाटत होतं. "तूही बाहेर ये, मग सांगतो."

त्यानं सांगितलं. ढीग, पाऊस, खचलेला रस्ता. रस्त्याशी आला तेव्हा थोडं जास्त बोलला, आभाळाचं वर्णन करायला लागला, मग स्वतःच थांबला. नख तिच्या हातात दिलं, मावशी काय म्हणाली तेही सांगितलं. लेकीनं नख बघितलं नाही.

"आम्ही घर घेतलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मी विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही काय म्हणालात आठवतं?"

"बिनघोर घ्या म्हणालो."

तिनं नख त्याला परत दिलं. पुढच्या खोलीत कुणीतरी काहीतरी पाडलं आणि त्या आवाजानं तात्या दचकला. मग ती म्हणाली, "त्या पुलापलीकडच्या गवंड्याची भिंत कलली तेव्हा भर चौकात त्याची काय शोभा केली होतीत तुम्ही! तो बिचारा रडायला आला होता. आणि खिशात हा ओळंबा घेऊन माझ्या घरी चहा प्यायला येत होतात, नऊ वर्षं." आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं. "पडेल कधी?"

"सांगता येत नाही. उद्या पडणार नाही. पाऊस आला तर सांगता येत नाही."

"उघडायला किती दिवस?"

"दहा हात. माणसं मिळाली तर सहा दिवस."

"मिळवा," ती म्हणाली आणि मशिनं उचलायला बायांना हाक मारली.

त्या दुपारी मशिनं पुढच्या खोलीत गेली, जेवायचं टेबल अंगणात आलं. जावई धावत आला, त्यानं फोन काढला, आणि बायकोचा चेहरा बघून परत खिशात ठेवला. तात्या स्वतः पुलापलीकडच्या त्या गवंड्याकडं गेला. काय बोलायचं ते घोकलं नाही. म्हणाला, "माझी भिंत कललीय. उघडायला हात हवेत." त्या गवंड्यानं जागेवरून न उठता विचारलं, "नवरा बघायचा का तिला?" तात्यानं मान डोलावली. ते ऐकून घ्यायलाच तो आला होता. गवंडी थोडा वेळ तसाच बसला, मग आत जाऊन पहार घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरचे चिरे निघाले. वीतभर खडी निघाली. खाली ओली राखाडी माती, आणि मातीच्या मधोमध एक पोकळी. गाय वासरासकट बसेल एवढी. मशिनं तिच्यावर होती. पोकळी बघून पुलापलीकडच्या गवंड्यानं नुसती पहार उचलली, आणि ते न बोलणं तात्याला चौकातल्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

नऊच्या सुमाराला डोंगराच्या खांद्यावरून चिमटामावशी आली, काठी टेकत, कमरेला टोपली. काठावर सावलीत बसली.

"माती बाहेर काढाल ती माझ्यासमोर टाका," ती म्हणाली. "नखं मी वेचते. पुन्हा कुणी कुठल्या भिंतीत घातली तर कळायला हवं." आणि खरंच तिच्या ओटीत ती जुनी पकड होती.

तात्या चरात उतरला. पहिलं घमेलं भरलं, वर दिलं. दुसरं भरलं. माती जड होती, पायाला धरून ठेवत होती. तिसऱ्या दिवशी भिंत तळापर्यंत उतरली, चर मोकळा झाला, खाणीवरून गोटे आले आणि त्यानं तळाचा पहिला चिरा पुन्हा बसवला. बसवून त्यानं सवयीनं खिशाकडं हात नेला.

"थांबा," वरून लेक म्हणाली. बाह्यांचं कापड खांद्यावर टाकून ती काठावर येऊन उभी होती. तिनं हात पुढं केला. "ओळंबा इकडं द्या. आता मी बघणार."

त्यानं दिला. तिनं सुतळी धरली, वजन सोडलं, ते डोलायचं थांबेपर्यंत वाट बघितली, एक डोळा मिटला.

"डावीकडं. सूतभर."

तात्यानं पहार घातली आणि चिरा सूतभर डावीकडं सरकवला.

"आणखी."

त्यानं आणखी सरकवला.